तीनशे एकोणसाठ जनावरं आणि एक दावं

...न्हाय, तुम्हीच सांगा, तीनशे साठपैकी तीनशे एकोणसाठ म्हणजे काय कमी झालं का? दहावीला मला ह्याच्या निम्मं जरी पडलं असतं तरी आबांनी गावभर पेढे वाटले असते, पेढे काय घरचेच, खव्याची भट्टी आपली, वाटायला काय जातंय... पण हे ग्रुपवाले म्हणतात, 'महारुद्र, एक राहिलंय न्हवं? मग तुम्ही वस्ताद न्हाय.' झालं. नऊ वर्षं घातली मी ह्या गेममध्ये, उजव्या हातात खवा हलवायचं उलथनं आन् डाव्या हातात गेमचं मशीन, किती कढया करपवल्या ते माझ्या बायकोला, सोनालीला विचारा, आन् शेवटी ऐकून काय घ्यायचं, तर 'न्हाय'. मला एक सांगा, वस्ताद कुणाला म्हणायचं?

बसा, बसा. खवा अजून पातळ आहे, तुमच्या डब्यात पडायला अर्धा तास तरी लागंल, तोवर ऐका. आन् ते मागं कोण हंबरतंय ते विचारू नका, तिकडंच येतोय मी.

तर गेमचं नाव बीस्टोरा. जनावरं धरायचा गेम आहे, सोपा. जंगलात हिंडायचं, जनावर दिसलं की जाळं टाकायचं, धरलं की आपल्या नोंदवहीत त्याचं चित्र उमटतं. पाण्यातली, झाडावरची, आग ओकणारी, झोपूनच राहणारी... अशी तीनशे साठ. सहा भाग निघाले आतापर्यंत, मी पहिल्यापासून धरून आहे. आता तुम्ही म्हणाल, चाळिशीला आलेला माणूस, भूमसारख्या गावात खवा आटवतो, ह्याला हे कुठलं याड? तर माझं आयुष्य बघा जरा. बी.एस्सी.ची दोन वर्षं झाली, तिसरं राहिलं. पोलीस भरतीला धावलो लई चांगला, गोळा फेकायचा राहिला. घर बांधलं, वरच्या मजल्याच्या सळया अजून आभाळाकडं बघत उभ्या आहेत, सोनाली त्यांच्यावर कपडे वाळत घालते. आमच्या लग्नाचा अल्बमसुद्धा अक्षतांपर्यंतच आहे, पुढचे फोटो द्यायच्या आत फोटोग्राफर गाव सोडून गेला. म्हणून ठरवलं होतं मी, की बाबा, ह्या जन्मात एक, फक्त एक गोष्ट शंभर टक्के पूर्ण करून दाखवायची. दुसरं काय मागितलं होतं मी?

आन् आमचा ग्रुप आहे. 'धाराशिव जिल्हा बीस्टोरा जनावर मंडळ'. अकरा माणसं. ॲडमिन भाग्यश्रीताई, सरकारी दवाखान्यात नर्स आहेत, इंजेक्शन देतात तसाच मेसेज टाकतात, एक घाव आन् विषय संपला. वाशीचा युवराज आहे, परंड्याचा श्रीनाथ आहे. आन् एक मुरूमचे वीरप्पा. वीरप्पांचं पशुखाद्याचं दुकान. ग्रुपच्या नावात जनावर दिसलं म्हणून शिरले, त्यांना वाटलं गिऱ्हाईक मिळंल. दोन वर्षं झाली, अजून रोज सकाळी सरकी पेंडीचा फोटो टाकतात, खाली लिहितात 'ताजा माल'. कुणी काढत न्हाय त्यांना. कसं काढणार, वयानं मोठा माणूस.

तर ह्या ग्रुपवर वाद पेटला, खरा वस्ताद कोण. युवराज म्हणतो, 'गेममधले आठ आखाडे मारले की वस्ताद. कुस्ती न खेळता नुसती पैलवानांची यादी करणाऱ्याला कोण फेटा बांधतं व्हय?' हे मला बरं का, टोमणा. श्रीनाथचं वेगळंच. तो म्हणतो, लढाईत जनावर पडलं की मी ते सोडून देतो, पुन्हा वापरत न्हाय, असं करून जो शेवटपर्यंत जातो तो वस्ताद. बरं, नुसतं सोडत न्हाय, दोन दिवस मशीनला हात लावत न्हाय. सुतक. भाग्यश्रीताई म्हणतात, 'रंग बदललेलं जनावर हजारात एक निघतं. मी चौदाशे अंडी उबवून काढलंय. तुमच्यात कुणाची आहे का एवढी चिकाटी? विषय संपला.' आन् मी म्हणालो, अहो, नोंदवही दिलीय कशाला गेमवाल्यांनी? ती भरायला. जो भरंल तो वस्ताद. मग ठरलं की सोनारीला भैरवनाथाच्या देवळापाशी सगळ्यांनी जमायचं, मशीन काढून दाखवायची, आन् एकाला फेटा बांधायचा. पंच म्हणून वीरप्पा, कारण त्यांनी गेम बघितलेलाच न्हवता. त्याच्यापेक्षा निःपक्षपाती माणूस कुठून आणायचा?

मला वाटलं, फेटा आपला. माझं एकच राहिलं होतं, महागोरमाथ.

आता आधी साधं गोरमाथ म्हणजे काय, तर बैलासारखं जनावर. शिंगं न्हायत, अंगावर मळकट केस, डोळे गरीब. एका गेममध्ये एकच सापडतं. पण त्याच्या गळ्यात तांब्याचं दावं घालून ते एका माणसानं दुसऱ्याला दिलं, म्हणजे ह्या मशीनमधून त्या मशीनमध्ये, की पडदा पांढरा होतो, नगारे वाजतात, आन् त्याला ही एवढाली शिंगं फुटून महागोरमाथ होतो. तो तीनशे साठावा. एकट्या माणसाला तो मिळतच न्हाय. कुणीतरी आपल्या हातानं द्यावा लागतो, आन् तोही त्यानंच धरलेला, आपलाच धाडून माघारी घेतला तर चालत न्हाय. ग्रुपवाले फेट्यासाठी माझ्याच विरुद्ध, ते कशाला देतील, आन् गावात दुसरं मशीन कुणाकडं असणार? मग मी एक जुनं मशीन आणलं, आन् त्याच्यात पहिल्यापासून खेळून गोरमाथपर्यंत पोचायला मला भट्टीपुढं वेळ कुठला... तर आमच्या आबांचा पाय प्लास्टरमध्ये. उन्हाळ्यात भट्टीपुढं सांडलेल्या दुधावरनं घसरले, दीड महिना बाजेवर. म्हटलं, आबा, बसल्या बसल्या हे करा.

तिथं चुकलं माझं. आबाराव म्हणजे कोण? ट्रॅक्टर यायच्या आधी आमच्या दावणीला अकरा जनावरं होती, पंचक्रोशीत बैल घ्यायचा तर लोक आधी आबाला दात दाखवायचे. बैलाचे. हा माणूस गेम खेळंल का? मी म्हणालो, आबा, दुसऱ्याच्या जनावराबरोबर लढाई लावा. तर म्हणाले, 'कशापायी? त्येनं माझं काय खाल्लंय?' दीड महिन्यात एक लढाई केली न्हाय. त्यांनी फक्त मोजकी जनावरं धरली आन् दिवसभर त्यांना चारा घालत बसले. गेममध्ये चारा घालायचं बटण आहे, नऊ वर्षांत मी ते चारदा दाबलं असंल. ह्यांनी एकेकाला नाव ठेवलं. ढवळी काय, पाखऱ्या काय, येसू काय. गोरमाथ सापडला तर त्याचं नाव सरदार. मला म्हणायचे, 'रुद्रा, सरदारनं आज निम्माच चारा खाल्ला.' मी म्हणायचो, आबा, ते चित्र आहे. तर म्हणायचे, 'चित्र आसलं म्हणून काय उपाशी ठिवायचं व्हय?' सांगा आता.

आन् सोनारीच्या आठ दिवस आधी मी म्हणालो, आबा, द्या आता सरदार. ते म्हणाले, 'कुणाला?' मला. 'मंग सौदा कर.' मी म्हणालो, आबा, मशीन माझं, गेम माझा, बाप माझा, सौदा कसला? तर त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, हातावर टाकलं, आन् खालनं हात पुढं केला. बाजारात कसं, रुमालाखाली बोटं दाबून सौदा होतो, शेजारच्याला कळू द्यायचं न्हाय. इथं शेजारी कोण होतं? सोनाली आन् खव्याची कढई! पण न्हाय, तसंच करायचं. घातला बाबा हात. त्यांनी तीन बोटं दाबली. मी विचारलं, तीन काय? 'तीन जनावरं बदल्यात.' मी दोन दाबली. त्यांनी हात काढून घेतला आन् तोंड फिरवून भिंतीकडं बघत बसले. मग सोनाली मधी पडली, अगदी दलालासारखी, 'जाऊ द्या हो आबा, जाऊ द्या अहो तुम्हीपण, घरातलं घरात.' घरातलं घरात करता करता माझा रंग बदललेला निळा कोल्हा गेला, जो मला अकरा महिन्यांनी मिळाला होता. आबांनी त्याचं नाव ठेवलं मोती. कोल्ह्याचं.

पण म्हटलं जाऊ द्या, तीनशे साठ. दोन्ही मशीन शेजारी धरली, आबांनी 'दे' दाबलं, मी 'घे' दाबलं, डोळे मिटले, नगाऱ्याची वाट बघितली... काय न्हाय. डोळे उघडले तर समोर सरदार, तसाच, मळकट, बिनशिंगाचा, आन् गळा मोकळा. म्हणालो, आबा, दावं कुठाय? दाव्यासकट द्यायचा होता, चारदा सांगितलं मी. आबा माझ्याकडं असे बघायला लागले की मी जसं काही चोरीच करायला सांगितली. 'दावं? जनावर देताना दावं कोण देतं रं? दावं गेलं की दावण उठती. आरं तुझ्या आज्यानं कुणाला दावं दिलं न्हाय, म्या दिलं न्हाय, आन् आता म्हातारपणी देऊ व्हय?' द्यायच्या आधी त्यांनी ते बरोब्बर शोधून सोडून घेतलं होतं. ज्या माणसाला मोबाईलचा आवाज कमी करता येत न्हाय, त्याला दावं सोडायचं बटण सापडलं.

आता पाया पडायचंच राहिलं होतं. आबा, परत घ्या त्याला, दावं घाला, पुन्हा द्या. दोन मिनिटांचं काम. 'दिल्यालं जनावर माघारी घ्यायाला म्या काय सौदा मोडणारा हाय?' आबा, मी सोडतो की सौदा. 'तू सोडशील, म्या न्हाय सोडत. लोकं काय म्हणतील?' कुठली लोकं? सोनाली हसत होती तेवढीच लोकं होती. तवर वास आला. कढई करपली. मला एक सांगा, असल्या घरात राहून जो तीनशे एकोणसाठपर्यंत जातो, त्यालाच वस्ताद म्हणायचं न्हाय तर कुणाला म्हणायचं?

मग मी ठरवलं, चोरून करायचं. व्हय, चोरून, लपवत न्हाय तुमच्यापासून. प्लास्टर निघालं होतं, आबा दुपारी काठी टेकत दाढीला गेले. मी दोन्ही मशीन घेतली, भट्टीमागं जाऊन बसलो, सोनालीला सांगितलं दारात थांब, आबा दिसले की खोक. माझ्या मशीनमधनं सरदार आबांच्या मशीनमध्ये परत धाडला. गेला. आता फक्त दावं घालायचं आन् पुन्हा इकडं ओढायचा. दावं शोधतोय, त्यांनी ते इतकं आत जपून ठेवलं होतं... आन् सोनाली खोकली. पण ती खोकली तोवर आबा माझ्या मागं उभे. न्हाव्याकडं गर्दी होती, अर्ध्या वाटेतनं आले माघारी. मला वाटलं, आता काठी पाठीत. न्हाय. ते मशीनकडं बघत होते. पडद्यावर त्यांची दावण, आन् दावणीला सरदार उभा.

'आला व्हय रं?' म्हणाले. एवढंच. मला काही कळंना. त्यांनी मशीन हातात घेतलं, मातीतच खाली बसले, आन् ते चाऱ्याचं बटण दाबत राहिले. मग बोलले. ट्रॅक्टर आला त्या साली शेवटचा बैल दिला होता आम्ही, वाशीकडं. त्याचं नाव सरदार होतं. मी तेव्हा पुण्यात बी.एस्सी. अर्धी करण्यात गुंतलेलो, मला काय ठाऊक. आबा म्हणाले, विकलेली जनावरं दावं तोडून घराकडं येत्यात, येसू आली होती बारा कोस चालत, पाखऱ्या आला होता. 'सरदार बी यील म्हणून म्या आठ दिस फाट्यावर बसलो. न्हाय आला. वाटलं, इसरला आपल्याला.' आन् मग डोळ्याला उपरणं लावून एकदम लहान पोरासारखे हसले, 'आला की रं!' आन् आपल्या हातानं त्याच्या गळ्यात ते तांब्याचं दावं घातलं. म्हणाले, 'आपल्या पायानं माघारी आल्यालं जनावर पुन्हा देत नसत्यात, रुद्रा.'

आता? सांगू का, की आबा, तो आपल्या पायानं न्हाय आला, मी बटण दाबलं? जिभेवर आलं होतं. शंभर टक्के आन् माझ्यात तेवढंच एक वाक्य होतं. न्हाय बोललो. वर रागही आला, की देवा, माझी एक गोष्ट पुरी व्हायची वेळ आली की तू मधी असं म्हातारं माणूस का बसवतोस? ते मशीन माझ्या हाताच्या अंतरावर अजून आहे, उशाला ठेवून झोपतात ते. दोन मिनिटांचं काम. पण व्हत न्हाय.

तसाच गेलो मग सोनारीला, एसटीनं, आबा बरोबर. पाय मोकळा झालाय, भैरवनाथाला नारळ फोडायचा म्हणाले. देवळापाशी झाडाखाली सगळे बसलो. युवराजनं आखाडे दाखवले, श्रीनाथनं कुठलं जनावर कुठल्या तारखेला गेलं ते सांगितलं. भाग्यश्रीताईंनी अंड्यातनं काढलेलं ते रंग बदललेलं जनावर दाखवलं. मी नोंदवही उघडली, पान पान भरलेलं, शेवटचा चौकोन काळा. तिथंच सगळ्यांनी तो मेसेजमधला सूर लावला, 'एक राहिलंय न्हवं?' वीरप्पा शांतपणे पान लावत होते. म्हणाले, 'मला तुमचं हे मशीन कळत न्हाय, बरं का. मी पेंड विकतो. मी गिऱ्हाइकाला एकच विचारतो. तुझी जनावरं किती ते न्हाय, तुझं कुठलं जनावर काय खातं, सांग.' आन् बोट माझ्याकडं! 'सांगा महारुद्र. कुठलीबी पाच.'

अहो, तीनशे एकोणसाठ जनावरं माझी. पाचांचं मला सांगता येईना. नावं आहेत, आकडे आहेत, ताकद आहे, वेग आहे... खाणं? युवराज खाली बघायला लागला. भाग्यश्रीताईंना आठवलं ते अंड्याचं वजन. आन् माझ्या शेजारनं, कुणी विचारलं नसताना, आबा सुरू झाले. 'ढवळी भिजावल्याली भरड खाती, कोरडी न्हाय चालत तिला. पाखऱ्याला रताळं. मोतीला...' मोती म्हणजे माझा निळा कोल्हा, 'मोतीला खाताना ठसका लागतो, म्हणून आधी पाणी पाजायचं. सरदार पयल्यांदा निम्माच खातो, थोडं थांबायचं, मंग उरल्यालं खातो.' तेवीस जनावरं होती त्यांच्याकडं, तेविसांची कुंडली सांगितली. वीरप्पांनी पान थुंकलं आन् म्हणाले, 'ह्यांना बांधा.'

बांधला की! तीनशे साठपैकी तेवीस, एक लढाई न्हाय, एक आखाडा न्हाय, आवाज कमी करता येत न्हाय, आन् फेटा कुणाला, तर आबारावांना. फेटा भाग्यश्रीताईंनी बांधला, विषय संपला. मला एक सांगा... न्हाय, राहू द्या, आता काय विचारायचं.

पण थांबा, अजून संपलं न्हाय. एसटीसाठी रस्त्यावर आलो तर एक माणूस बैल घेऊन बाजाराला निघालेला. आबा थांबले. दात बघितले, पाठीवर हात फिरवला. मी म्हणालो, आबा, चला, गाडी यायची वेळ झाली. ते म्हणाले, 'रुद्रा, तुझं एकच राहिलंय न्हवं?' मी म्हणालो, आबा, न्हाय, आबा, तसं नसतं ते, आबा, ट्रॅक्टर आहे आपल्याकडं... पण तोवर उपरणं हातावर पडलं होतं आन् दोन्ही हात खाली गेले होते. सौदा झाला. त्या माणसानं बैलाच्या पाठीवर थाप मारली, हात जोडले, आन् गळ्यातलं दावं सोडून आपल्या खांद्यावर टाकलं.

मी आबांकडं बघितलं. आबा म्हणाले, 'बराबर हाय त्येचं.'

मग मोकळा बैल रस्त्यावर धरायचा कशानं? आबांनी डोक्यावरचा फेटा उतरवला, वस्तादाचा, पाऊण तासही झाला नसंल बांधून, आन् माझ्या हातात दिला. छोटा हत्ती टेम्पो मिळाला एक. आबा पुढं ड्रायव्हरशेजारी, मांडीवर मशीन, सरदारला चारा घालत. मी मागं, हौद्यात उभा, भूमपर्यंत फेट्याचं एक टोक धरून, दुसरं टोक त्याच्या गळ्यात.

तो हंबरतोय तो तोच. काम न्हाय त्याला, ट्रॅक्टर आहे, नुसता खातो. काय खातो विचाराल तर सरकी पेंड, वीरप्पांकडची, ताजा माल. आधी निम्मी खातो, थोडं थांबतो, मग उरलेली. शेण मीच काढतो. आणा तुमचा डबा, आन् तेवढी त्याच्यासमोरची बादली जरा सरकवा, पाणी प्यायची वेळ झाली त्याची.